शिबिरातली चाळणी आणि दवाखान्यातलं निदान

आरोग्य शिबिरातून माणूस घरी येतो तो हातात चिठ्ठी घेऊन. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं : साखर २१०. त्याला कसलाही त्रास नाही, वजन जागच्या जागी, तहान नेहमीइतकीच. पण संध्याकाळपर्यंत घरात, शेजारी, फोनवर एकच बातमी फिरते, ‘यांना मधुमेह निघाला.’

निघाला का? अजून नाही. निघाली आहे ती शंका. बोटाला सुई टोचून जे छोटं यंत्र आकडा दाखवतं, त्याच्या आंतरराष्ट्रीय मानकातच १५ टक्क्यांची इकडची-तिकडची सूट धरलेली आहे. यंत्रावर २१० दिसलं तेव्हा रक्तात खरोखर १८५ असू शकतं, नाहीतर २४०सुद्धा. शिवाय रांगेत उभं राहण्याआधी माणसाने कधी आणि काय खाल्लं होतं, हे बहुतेक चिठ्ठ्यांवर नसतंच.

शिबिरात झाली ती चाळणी चाचणी, म्हणजे स्क्रीनिंग. स्पर्धा परीक्षांमुळे ‘चाळणी परीक्षा’ हा शब्द आपल्या कानावरचा आहे. ती पास झाली म्हणून कोणी नोकरीवर रुजू होत नाही, पुढच्या फेरीचं बोलावणं येतं इतकंच. आरोग्यातली चाळणीही एवढंच सांगते की, या घोळक्यातल्या कोणाकडे नीट पाहायला हवं. निदानाचा प्रश्न वेगळा : समोर बसलेल्या या एका माणसाला हा आजार आहे की नाही? चाळणी स्वस्त, झटपट आणि प्रशिक्षित कार्यकर्त्याला जमेल अशी असावी लागते, नाहीतर हजार माणसं तपासून होणारच नाहीत. निदानाला मात्र वेळ लागतो. त्यात माणसाची हकिकत ऐकावी लागते आणि पुष्कळदा तीच तपासणी पुन्हा करावी लागते.

वरच्या गृहस्थांचंच घ्या. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज देणारी रक्ततपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त, हे मधुमेहाचे प्रचलित निकष. तेही प्रयोगशाळेत, शिरेतून घेतलेल्या रक्तावर. आणि लक्षणं नसतील तर एकाच आकड्यावर विसंबायचं नाही, दुसऱ्या तपासणीनेही दुजोरा द्यायला हवा. रक्तदाबाचीही तीच गत. घाईघाईत येऊन, पायावर पाय टाकून, शेजारच्याशी गप्पा मारत मोजून घेतलेलं १५२/९४ म्हणजे उच्च रक्तदाब नव्हे. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, वेगवेगळ्या दिवशी मोजल्यावरच डॉक्टर काही ठरवतात. नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची जी प्रश्नावली भरून घेतात, पीएचक्यू-९, ती फक्त मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर गुण चढणारच. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले म्हणजे या माणसाशी कोणीतरी निवांत बोलायला हवं, इतकाच त्याचा अर्थ.

आता थोडं गणित, कारण सगळी गोम तिथेच आहे. हजार माणसं शिबिराला आली आणि त्यातल्या दहांना खरंच एखादा आजार आहे, असं धरू. चाचणी चांगली आहे : आजारी शंभरांतले नव्वद पकडते आणि निरोगी शंभरांतल्या नव्वदांना बिनचूक सोडते. मग दहा आजाऱ्यांपैकी नऊ पकडले जातात, एक निसटतो. उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी मात्र ९९ जण उगाचच अडकतात. एकूण ‘पॉझिटिव्ह’ १०८, त्यात खरे आजारी नऊ. म्हणजे बारातला एक!

तीच चाचणी दवाखान्यात नेऊ. तिथे त्रास होतोय म्हणूनच लोक येतात, तेव्हा हजारांत तीनशे आजारी असं समजू. त्यातले २७० सापडतात आणि सातशे निरोग्यांपैकी ७० चुकून अडकतात. ३४० पॉझिटिव्हपैकी २७० खरे, म्हणजे पाचातले जवळजवळ चार. यंत्र तेच, पट्टी तीच, तपासणाराही तोच. बदलली ती फक्त समोरची रांग. म्हणून शिबिरातल्या ‘पॉझिटिव्ह’ला दवाखान्यातल्या ‘पॉझिटिव्ह’चं वजन नसतं. (तो निसटलेला एक जण विसरू नका, त्याच्याकडे येतोच.)

आणखी एक फरक आहे आणि माझ्या मते तो या आकड्यांहून मोठा आहे. दवाखान्यात माणूस स्वतः येतो. शिबिरात आपण त्याच्या दारात जाऊन म्हणतो, ‘या, तपासून घ्या, तुमच्या भल्याचं आहे.’ एकदा असं म्हटलं की भलं होईल याची जबाबदारी बोलावणाऱ्यावर येते. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली चाळणीचे दहा निकष मांडले, ते आजही वापरात आहेत. आजार सापडल्यास त्यावर मान्य उपचार हवा, पुढच्या निदानाची आणि उपचाराची सोय हाताशी हवी, हे त्यातले दोन. शेवटचा निकष तर शिबिरवाल्यांनी भिंतीवर लावावा असा आहे : रुग्ण शोधण्याचं काम सतत चालणारं असावं, एकदाच करून संपणारं नव्हे. मंडप, फलक, फोटो, ‘बाराशे जणांनी लाभ घेतला’ आणि दुसऱ्या दिवशी मोकळं मैदान, हे त्या निकषात कुठेच बसत नाही.

चाळणीने नुकसान काय होणार, असं पुष्कळांना वाटतं. दक्षिण कोरियात १९९९ मध्ये राष्ट्रीय कर्करोग तपासणी कार्यक्रम सुरू झाला. थायरॉइड त्यात नव्हताच, पण अनेक दवाखान्यांनी थोड्या जादा पैशांत गळ्याची सोनोग्राफी जोडून दिली. २०११ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान १९९३ च्या तुलनेत पंधरा पट झालं. त्या आजाराने होणारे मृत्यू मात्र होते तिथेच राहिले. गंमत म्हणजे ही निदानं चुकीची नव्हती. गाठी खऱ्या होत्या, पण त्यातल्या बहुतेकींनी जन्मभर कोणाला त्रास दिला नसता. त्या सापडल्यामुळे हजारो लोकांची ग्रंथी काढली गेली आणि बहुतेकांच्या मागे आयुष्यभराची गोळी लागली.

चाळणी आणि निदान यांच्यामधली रेघ सगळीकडे एवढी ठळक नसते, हेही सांगायला हवं. गर्भाशयमुखाच्या बाबतीत, तपासणीत दोष दिसला की तुकडा काढून केलेल्या तपासणीची (बायॉप्सीची) वाट न पाहता तिथल्या तिथे उपचार करण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेला मान्य आहे. पुन्हा बोलावलं तर अनेक बायका येऊ शकत नाहीत, म्हणून जाणूनबुजून पत्करलेली ही तडजोड आहे. त्यातही उपचार होतो तो कर्करोगपूर्व बदलांवर. कर्करोगाची शंका आली तर पुढची तपासणी चुकत नाही.

आता तो निसटलेला एक जण. चाळणी ही लक्षणं नसलेल्यांसाठी असते. स्तनात गाठ लागलेली बाई, तीन आठवडे खोकणारा माणूस, जिना चढताना छातीत दाटून येणारे काका, यांनी शिबिराच्या रांगेत उभंच राहू नये, थेट डॉक्टरांकडे जावं. ‘शिबिरात सगळं नॉर्मल आलं होतं’ या वाक्याने महिने वाया जातात. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, स्वच्छ आली तरी हाताला लागणारी गाठ तपासावीच लागते.

आयोजकांना किमान एक गोष्ट फुकटात करता येते : चिठ्ठीवरचा मजकूर बदलणं. ‘मधुमेह : आहे’ असा रकाना काढून टाकायचा आणि त्या जागी छापायचं : ‘आज साखर जास्त आढळली. यावरून मधुमेह आहे असं ठरत नाही. उपाशीपोटी प्रयोगशाळेत तपासणी करा.’ खाली त्या तपासणीचं ठिकाण, वार आणि वेळ. आणि ती चिठ्ठी दिलेल्या माणसाचा नंबर वहीत टिपून, पंधरा दिवसांनी ‘जाऊन आलात का?’ असं विचारणारा एक कार्यकर्ता.