ऐकण्याच्या खोलीचा खर्च

ध्वनियंत्रणा ऐकून, पारखून मगच घ्यावी ही अपेक्षा जुनी आहे आणि तिची सुरुवात जाहिरातीतून झाली. एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून भरवलेल्या जाहीर कार्यक्रमांत गायिका फोनोग्राफशेजारी उभी राहून गात असे. दिवे मालवले जात आणि आवाज तिचा की यंत्राचा, हे श्रोत्यांनी ओळखायचे असे.

१९४८ मध्ये एलपी आणि १९५८ मध्ये स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्यावर टर्नटेबल, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर निरनिराळ्या कंपन्यांचे घेऊन जुळवण्याची पद्धत रूढ झाली. जुळवणीसाठी सल्ला लागे आणि सल्ला पटण्यासाठी ऐकणे आवश्यक असे, म्हणून चांगल्या दुकानांनी गालिचा आणि जाड पडदे असलेली वेगळी खोली राखली. विक्रेता तबकडी कडांनी धरून पाकिटातून काढी, तिच्यावरून ब्रश फिरवी, सुई टेकवी आणि गप्प बसे. अकूस्टिक रिसर्च या कंपनीने तर न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात अशी खोली चालवली, जिथे काहीही विकले जात नसे.

या खोलीत फसगतही होई, हे मान्य केले पाहिजे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवले होते की हळू आवाजात कानाला खर्ज आणि अतितार स्वर कमी जाणवतात. त्यामुळे किंचित मोठ्याने वाजणारा स्पीकर अधिक भरीव आणि स्पष्ट वाटतो. ८७ आणि ९० डेसिबल संवेदनशीलतेचे (म्हणजे तेवढ्याच विद्युतशक्तीवर कमी-जास्त मोठ्याने वाजणारे) दोन स्पीकर आवाजाची नॉब न हलवता आलटून पालटून वाजवले, तर निवड कानाने केल्यासारखी वाटते, पण ती बहुधा त्या ३ डेसिबलनी केलेली असते. प्रामाणिक विक्रेता आधी पातळी जुळवून घेई, आणि माझ्या मते त्याची खरी किंमत याच कामात होती.

या खोलीचे भाडे आणि विक्रेत्याचा तासभर वेळ, दोन्ही वस्तूच्या नफ्यातून निघत. १९८२ मध्ये सीडी आली आणि एका प्लेअरचा आवाज दुसऱ्यापासून वेगळा ओळखणे अवघड झाले. पुढे होम थिएटरने दुकानातली जागा घेतली, तर २००१ नंतर आयपॉडने संगीत खिशात आणि कानात नेले. निर्णायक घाव मात्र ऑनलाइन विक्रीचा होता. दुकानात ऐकून दुसरीकडे स्वस्तात घेणे सोपे झाले, आणि खोलीचा खर्च न करणाऱ्याशी किमतीत स्पर्धा करणे खोली राखणाऱ्याला शक्यच नव्हते.

त्या जागी आता ठरावीक मुदतीत माल परत करण्याची सोय आहे. खर्जाचा आवाज भिंतींच्या अंतरावर इतका अवलंबून असतो की घरची परीक्षा दुकानातल्या परीक्षेपेक्षा खरी ठरते. पण आवाजातले बारीक फरक काही सेकंदांतच स्मृतीतून निसटतात, म्हणून स्पीकरच्या दोन जोड्या एकाच वेळी समोर हव्यात. त्या मागवणे, त्यांची पातळी जुळवणे आणि नको असलेली जोडी पुन्हा खोक्यात भरून पाठवणे, ही सगळी कामे आता ग्राहकाकडे आली आहेत.