डिजिटल सही म्हणजे कुलूप नव्हे

‘टेक्स्ट एडिटरमधूनच मेलवर डिजिटल सही केली, आता तो तिसऱ्या कुणाला वाचता येणार नाही’ असं अजूनही ठामपणे सांगितलं जातं. हे साफ चूक आहे. या समजापायी लोक पासवर्डसुद्धा उघड्यावर पाठवतात, म्हणून हा खुलासा.

सही तुमच्या खाजगी किल्लीने, म्हणजे फक्त तुमच्याकडे असलेल्या गुप्त डिजिटल कोडने होते. मजकूर कुणी लिहिला आणि वाटेत त्यात काही बदललं का, एवढंच ती सांगते. पीजीपीने (मजकुरावर सही करण्याची आणि तो गुप्त करण्याची एक प्रणाली) नुसती सही केलेला साधा मजकूर उघडून बघा: वर ‘बिगिन पीजीपी साइन्ड मेसेज’, खाली अगम्य अक्षरांच्या काही ओळी, आणि मधे तुमचे शब्द जसेच्या तसे. गुप्तता हवी तर एन्क्रिप्टच करावं लागतं, म्हणजे मजकूर किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात बदलावा लागतो, तेही समोरच्याच्या सार्वजनिक किल्लीने (ती कुणालाही देता येते; तिने बंद केलेलं त्याच्या खाजगी किल्लीनेच उघडतं). दोन्ही एकदम करता येतं. मी तेच सुचवेन. मेलचा विषय मात्र बहुधा तरीही उघडाच राहतो.

फाइलींचं सोपं आहे. जीएनयूपीजी (पीजीपीचंच काम करणारं मोफत सॉफ्टवेअर) बसवलेलं असेल तर ईमॅक्स या एडिटरमध्ये आवृत्ती २३ पासून (२००९) ‘.जीपीजी’ शेपटीची फाइल सेव्ह करताना एन्क्रिप्ट होते. विम या एडिटरमध्ये मात्र जपून! मूळ सेटिंगमध्ये चार सेकंद हात थांबला की मजकूर स्वॅप फाइलमध्ये (एडिटर अचानक बंद पडल्यास काम वाचवणाऱ्या तात्पुरत्या फाइलमध्ये) उघडाच लिहिला जातो. ती आधी बंद करा.