रिफ्रेश केल्याने संगणकाचा वेग वाढत नाही

संगणक सुरू होताच डेस्कटॉपवर राइट क्लिक करून चार-पाच वेळा ‘रिफ्रेश’ केले की मेमरी मोकळी होते आणि काम वेगाने होते, असा समज विंडोज वापरणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे रूढ आहे. तो चुकीचा आहे. डेस्कटॉप हा मुळात एक फोल्डरच असून, रिफ्रेश केल्यावर किंवा एफ-५ ही कळ दाबल्यावर विंडोज त्यातील फाइलींची यादी पुन्हा वाचते आणि आयकॉन नव्याने रेखाटते. चालू असलेल्या प्रोग्रामांनी व्यापलेली रॅम त्यामुळे मोकळी होत नाही. नुकतीच सेव्ह केलेली फाइल दिसत नसेल, तर मात्र रिफ्रेश खरोखर उपयोगी पडते. आयकॉन क्षणभर लुकलुकतात म्हणून काहीतरी साफ झाल्यासारखे वाटते, इतकेच.

मंदपणाचे कारण शोधायचे असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी व डिस्क यांपैकी कोणता रकाना सतत १०० टक्क्यांजवळ आहे ते पाहावे. पंखा सतत घोंघावत असेल, तर तापमानही तपासावे, कारण ठरलेल्या कमाल मर्यादेपाशी, म्हणजे अनेक प्रोसेसरांच्या बाबतीत १०० अंश सेल्सिअसच्या आसपास, प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो.

विंडोज ८ पासून आलेले ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर शटडाउन करताना कर्नलची, म्हणजे विंडोजच्या गाभ्याची, स्थिती डिस्कवर जतन होते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. म्हणून खरी नवी सुरुवात हवी असेल, तेव्हा ‘रीस्टार्ट’ निवडावे.