असत्यवाद्याचा विरोधाभास

‘हे वाक्य खोटे आहे’ एवढ्याशा वाक्यातून उभा राहणारा तर्कशास्त्रातील पेच. वाक्य खरे धरले, तर ते स्वतःच सांगते त्याप्रमाणे खोटे ठरते; खोटे धरले, तर त्याचे म्हणणे बरोबर निघते आणि ते खरे ठरते. इ.स.पू. चौथ्या शतकातील मिलेटसचा ग्रीक तत्त्वज्ञ युबुलिडीझ याच्या नावावर हा पेच सांगितला जातो.

‘सगळे क्रीटवासी नेहमी खोटे बोलतात’ असे म्हणणाऱ्या क्रीटच्याच एपिमेनिडीझचे उदाहरण सर्रास दिले जाते, पण ते येथे लागू पडत नाही. त्याचे विधान खोटे धरले, तर कोणीतरी क्रीटवासी कधीतरी खरे बोलला एवढेच निघते. पेच तेथेच सुटतो. संस्कृत व्याकरणकार भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त याच जातीचे ‘सर्वं मिथ्या ब्रवीमि’ (मी बोलतो ते सगळे खोटे) हे वाक्य घेतले आहे. ‘सर्वं’ म्हणताना वक्त्याला ते वाक्य स्वतः अभिप्रेत नसते, अन्यथा त्याला सांगायचे तेच कळणार नाही, असा त्याचा निर्वाळा आहे. रोजच्या बोलण्यापुरता तो अगदी चोख आहे.

वाक्याने स्वतःविषयी बोलूच नये, हा उपाय चटकन सुचतो. फिलिप जूर्डेनच्या कार्डापुढे (१९१३) तो टिकत नाही. कार्डाच्या एका बाजूस ‘मागचे वाक्य खरे आहे’, दुसऱ्या बाजूस ‘मागचे वाक्य खोटे आहे’. स्वतःचा उल्लेख कोठेच नाही, तरी कार्ड उलटत गेले की तेच चक्र. शिवाय ‘हे वाक्य मराठीत आहे’ यासारखी निरुपद्रवी वाक्येही या बंदीत अडकतात.

आल्फ्रेड टार्स्कीने १९३३ मध्ये भाषेचे थर पाडले: एका थरातील वाक्य खरे की खोटे, हे फक्त वरच्या थरातून सांगता येते. गणिती भाषांना हे मानवते; मराठीत मात्र ‘खरे’ हा शब्द एकच. म्हणून सॉल क्रिप्केने (१९७५) थर न पाडता ‘बर्फ पांढरा आहे’ अशा वाक्यांपासून टप्प्याटप्प्याने सत्यमूल्ये (खरे की खोटे) देत नेली. या चढणीत ज्याची पाळी कधीच येत नाही, ते वाक्य निराधार, ना खरे ना खोटे. आता ‘हे वाक्य खरे नाही’ हे वाक्य घ्या. ते निराधार असेल तर खरे नाहीच. आणि ते नेमके तेच म्हणते! पेच पुन्हा हजर.

ग्रॅहॅम प्रीस्टने १९७९ मध्ये असे वाक्य खरे आणि खोटे दोन्ही मानले. मग विसंगतीतून वाटेल ते सिद्ध होऊ नये म्हणून ‘अ किंवा ब, अ नाही, म्हणून ब’ हा रोजचा नियम सरसकट वापरता येत नाही. ही किंमत बहुतेक तर्कशास्त्रज्ञांना फार वाटते.