पेरूचा पाला, कुड्याची साल आणि पोटातले जिवाणू

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पाऊस लागला की गढूळ पाण्यामागोमाग जुलाब, मुरडा आणि आव घरोघरी येतात, आणि अशा वेळी पेरूच्या कोवळ्या पाल्याचा काढा किंवा कुड्याची साल आजही काढली जाते. या औषधांविषयी पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: यांनी जंतू मरतात का? माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे.

प्रयोगशाळेतील नेहमीची चाचणी सोपी असते. काचेच्या तबकडीत जिवाणू वाढवून त्यांवर वनस्पतीचा अर्क ठेवतात आणि भोवतालची वाढ थांबते का, हे पाहतात. या कसोटीवर लसूण सहज उतरते, कारण पाकळी ठेचताच तीत अॅलिसिन हे जंतुनाशक द्रव्य तयार होते. पण फोडणीत घातलेल्या लसणीत ते फारसे उरत नाही. शिवाय आतड्यातील जिवाणू तबकडीतल्यासारखा स्वस्थ बसलेला नसतो. तो आतड्याच्या अस्तराला चिकटतो, काही वेळा पेशींत शिरतो, आणि विष सोडून शरीरातले पाणी आतड्यात ओढून घेतो.

मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेतील संशोधकांनी 2010 मध्ये पेरूच्या पाल्याच्या काढ्यावरील जे काम प्रसिद्ध केले, ते म्हणूनच मोलाचे वाटते. त्यांच्या प्रयोगांत काढ्याने आव लावणारा ‘शिगेला’ हा जिवाणू आणि कॉलऱ्याचा जिवाणू यांच्यावर मारक परिणाम केला, मात्र जुलाब लावणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूच्या बाबतीत त्याचे काम निराळे होते. जिवाणूंचे पेशींना चिकटणे आणि पेशींत शिरणे कमी झाले, तसेच त्यांच्या एका विषाची निर्मितीही घटली. पाल्यातील क्वेर्सेटिन हे द्रव्य वेगळे वापरले असता मात्र यांपैकी काहीच परिणाम दिसले, सगळे नाहीत. म्हणजे श्रेय एकट्या रेणूला देता येत नव्हते. हे सारे प्रयोगशाळेत झाले, रुग्णांवर नव्हे, हे विसरू नये.

रुग्णांवरचा पुरावा दारुहळदीतील बर्बेरिन या पिवळ्या द्रव्याबाबत मिळतो. बांगलादेशात 165 प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 400 मिलिग्रॅमच्या एका मात्रेने ई. कोलायमुळे झालेल्या जुलाबात मलाचे प्रमाण लक्षणीय घटले. कॉलऱ्यात मात्र फायदा अल्पच होता. बर्बेरिन आतड्यातून रक्तात फारच कमी शोषले जाते. इतर रोगांत तो दोष ठरतो, पण शत्रू आतड्यातच असेल तर तीच सोय होते.

कुड्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. त्याच्या सालीतील कोनेसिन या द्रव्याची ख्याती मुख्यतः अमीबाजन्य आवेवरील आहे, आणि अमीबा हा जिवाणू नव्हे, तर वेगळाच एकपेशीय परजीवी आहे. त्यातच पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याच्या सालीची भेसळ होते. वाळलेली साल पाहून ती ओळखणे नवख्याला जमत नाही. वनस्पतीची ओळख पटवणे, घटकांची मात्रा ठरवणे आणि मग चाचणी घेणे ही चिकाटीची कामे आहेत, आणि पारंपरिक औषधांच्या संशोधनासाठीची भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय संस्था बेळगावातच आहे.

तोवर काढा उकळत ठेवला, तरी शेजारच्या शेगडीवर उकळून गार केलेल्या पाण्यात जलसंजीवनीची पुडी कालवावी. मलात रक्त, तीव्र ताप किंवा मूल सुस्तावणे यांपैकी काहीही दिसल्यास काढ्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा.