अमेरिकेत वेटरची टिप आणि कमिशन: टॅक्स कसा कापतात, टिपची सूट कोणाला, कागद कोणते

वर्क परमिट हातात आल्यावर पहिली नोकरी रेस्टॉरंटमधे लागली की आपली मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात, पे स्टबवर, म्हणजे पगाराच्या पावतीवर, टिप वेगळी आणि कमिशन वेगळं का दाखवतात, शेवटी दोन्ही माझेच पैसे ना. तुमचेच आहेत, पण २०२५ पासून या फरकावर खरंच बरेच डॉलर अवलंबून आहेत म्हणून नीट सांगते.

टिप म्हणजे गिऱ्हाईकाने स्वखुशीने दिलेले पैसे, किती द्यायचे हेही त्यानेच ठरवलेलं. कमिशन मालक देतो, वाइनची बाटली खपवली की दोन डॉलर, केटरिंगची ऑर्डर आणली की पाच टक्के असं काहीतरी, तो सरळ पगारच. आणि मोठ्या ग्रुपच्या बिलात आपोआप १८ टक्के लागतात ना, त्यावर ग्रॅच्युइटी असं छापलेलं असलं तरी आयआरएस, म्हणजे इथलं आयकर खातं, त्याला टिप मानत नाही, सर्व्हिस चार्ज मानते, आणि त्यातून तुम्हाला जे मिळतं तोही पगार. नावावर जाऊ नका, गिऱ्हाईकाला तो आकडा कमी करता येतो का, शून्य करता येतो का एवढंच बघा.

सोशल सिक्युरिटीचे (सरकारी पेन्शन) ६.२ आणि मेडिकेअरचे (म्हातारपणीचा सरकारी आरोग्य विमा) १.४५ असे ७.६५ टक्के टिप, कमिशन, सर्व्हिस चार्ज तिन्हीवर कापले जातात, तेवढेच मालकालाही भरावे लागतात. म्हणजे महिन्याला १,८०० डॉलर टिप झाली तर तुमचे १३७ डॉलर ७० सेंट गेले. कमिशन मालकाच्याच हातून येतं त्यामुळे तो आधीच कापून देतो, आणि वेगळं दाखवून दिलं असेल तर फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, इन्कम टॅक्स सरसकट २२ टक्क्यांनी कापू शकतो, ३०० डॉलर कमिशन असेल तर ६६ डॉलर तिथेच गेले, अर्थात रिटर्न भरताना तो हिशेब जुळतो. टिप मात्र रोख खिशात आलेली असते, मालकाला कळणार कसं, म्हणून सांगायची जबाबदारी तुमची.

सांगायचं असं. एका मालकाकडे महिन्यात २० डॉलर किंवा जास्त टिप झाली की पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत लेखी द्यायची. ठरावीक फॉर्मच हवा असं नाही, साध्या कागदावर नाव, पत्ता, सोशल सिक्युरिटी नंबर, मालकाचं नाव पत्ता, कुठला महिना, एकूण रक्कम आणि सही एवढं पुरतं, बऱ्याच ठिकाणी आता बिलं करायच्या पीओएस मशीनमधेच भरतात. बसबॉयला (टेबलं आवरणारा) किंवा बारवाल्याला वाटून दिलेली टिप वजा करून उरलेलीच लिहा, मी सुरुवातीला सगळी लिहायचे आणि दुसऱ्यांच्या पैशावरही टॅक्स भरत बसले. टिप लपवली तर राहिलेला ७.६५ टक्के टॅक्स फॉर्म ४१३७ वर भरावा लागतोच, वर त्याच्या ५० टक्के दंड लागू शकतो.

आता सूट. २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतची टिप फेडरल इन्कम टॅक्समधून वजा करता येते. ही फक्त इन्कम टॅक्सची सूट आहे हं, ७.६५ टक्के कापले जातातच, आणि राज्याचा नियम वेगळा असू शकतो. कमिशन आणि सक्तीचा सर्व्हिस चार्ज यात अजिबात बसत नाही. नोकरीसाठी चालणारा सोशल सिक्युरिटी नंबर हवा, लग्न झालेलं असेल तर जॉइंट, म्हणजे नवरा-बायकोचं एकत्र, रिटर्नच भरावं लागतं, आणि उत्पन्न १,५०,००० डॉलरच्या वर, जॉइंटला ३,००,००० च्या वर गेलं की सूट हळूहळू कमी होते, इथे नवरा किंवा बायको आयटीत असेल तर आधी हा आकडा बघून घ्या. स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सगळ्यांना मिळणारी ठरलेली वजावट, घेणाऱ्यालाही ही मिळते. रिटर्नसोबत शेड्यूल १-ए हा जोडफॉर्म भरायचा.

कागद म्हणजे रोजच्या टिपची वही, मालकाला दिलेल्या रिपोर्टच्या कॉप्या, पे स्टब आणि डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा मालकाने दिलेला फॉर्म. वही रोज लिहा, तारीख, रोख किती, कार्डवर किती, दुसऱ्यांना किती दिले, झोपायच्या आधी दोन मिनिटं लागतात. डब्ल्यू-२ आला की बॉक्स ७ आधी बघा, तिथे तुम्ही सांगितलेली टिप असते, कमिशन आणि सर्व्हिस चार्ज बॉक्स ३ मधे पगारासोबत असतात. बॉक्स ८ मधे आकडा असेल तर ती मालकाने तुमच्या नावावर वाटलेली टिप, ती बॉक्स १ मधे धरलेली नसते आणि तुमची वही नसेल तर तीच खरी धरली जाते. बॉक्स ७ चा आकडा वहीशी जुळत नसेल तर रिटर्न भरायच्या आधी मालकाला लेखी कळवून डब्ल्यू-२सी, म्हणजे दुरुस्त केलेला डब्ल्यू-२, मागून घ्या.