एक-चौदाच्या उताऱ्यावर सतरा नावं

म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात सकाळी चक्कर मारली की वाटतं आर्थिक स्वातंत्र्य म्हणजे हेच, कोणी मिरच्या घेऊन बसलंय कोणी मडकी, भाव ज्याचा त्याने सांगायचा, पटलं तर घ्या नाहीतर पुढे चला. पण हे मोजायचं कसं? कॅनडातली फ्रेझर इन्स्टिट्यूट 1996 पासून देशांना 0 ते 10 मार्क देते, पाच विषयांत: सरकारी खर्चाचा पसारा, कायदा आणि मालमत्तेचा हक्क, महागाई आटोक्यात आहे का, परदेशी व्यापार, आणि धंद्यावरचे नियम.

यादीतल्या वरच्या देशांत दरडोई उत्पन्न खालच्यांपेक्षा कितीतरी पट जास्त. पण सगळ्यात गरीब दहा टक्के लोकांच्या वाट्याला येणारा हिस्सा मात्र वर काय नि खाली काय, साधारण 2-3 टक्केच! फणस मोठा झाला, वाटणी तीच. आता मोठ्या फणसातले 2 टक्के गरे पण जास्तच भरतात हे खरं, फक्त विषमता त्याने आपोआप मिटत नाही. आणि आधी स्वातंत्र्य आलं की आधी श्रीमंती हेही बघायला हवं ना, चांगली कोर्टं श्रीमंत देशांनाच परवडतात.

मला विचाराल तर खरी गोम मालमत्तेच्या विषयात आहे. तैवानने 1953 मध्ये जमीनदारांकडून सक्तीने जमिनी घेऊन कसणाऱ्यांना दिल्या, म्हणजे आधी हक्क मोडला मग नवे पक्के हक्क केले, त्यानंतर निर्यात वाढली तेव्हा वाढही झाली आणि विषमताही कमी राहिली. आपल्याकडे गोव्यात 1964 चा कूळ कायदा आला, 1976 च्या दुरुस्तीने कुळं मालक झाली.

आणि घरांचं म्हणाल तर 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून मुलगा-मुलगी समान वाटा, एकदम न्याय्य. पण तीन पिढ्यांनी आमच्या एक-चौदावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या उताऱ्यावर, सतरा नावं झालीत, त्यातली काही लिस्बनला, एकाचा तर पत्ताच नाही, त्यामुळे बँक कर्ज देत नाही नि विकायचं म्हटलं तर सही कोणाकोणाची घेणार. इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांत वाटणी करून घ्यायची, कोर्टात केस चालू आहे. तोवर बागेतले काजू जो आधी पोचतो तो वेचतो.